काँक्रीट वेगळे, विटा वेगळ्या: एका पाडकामाच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५. मोजमाप

पाडायची इमारत: तळमजला अधिक तीन मजले, काँक्रीटचा सांगाडा, विटांच्या भिंती. मजला १८ × १२ मी., एकूण बांधकाम ८६४ चौ.मी. जोत्यापासून कठड्यापर्यंत उंची १३.५ मी.

राडारोड्याचा पहिला अंदाज ठोकताळ्याने काढला. पक्क्या इमारतीच्या पाडकामातून चौरस मीटरला ३०० ते ५०० किलो माल निघतो, असा आकडा सर्रास वापरला जातो. वरची मर्यादा धरली तरी ४३२ टन होतात. आकडा पटला नाही. १२५ मि.मी. जाडीचा नुसता स्लॅबच चौरस मीटरला ३१२ किलो भरतो. त्यात बीम, कॉलम, भिंती, गिलावा, लाद्या आल्याच नाहीत. म्हणून टेप घेऊन प्रत्यक्ष मोजले:

स्लॅब १०८ घ.मी., बीम ३३, कॉलम २५, पाया १८, जोत्याचे बीम ११, जिना-छज्जे-टाकी-कठडा मिळून १५. एकूण काँक्रीट २१० घ.मी. घनमीटरला २.५ टन धरून ५२५ टन. सळई घनमीटरला ९० किलो धरली तर त्यातले १९ टन लोखंड, उरलेले ५०६ टन काँक्रीट.

विटकाम: बाहेरच्या २३० मि.मी. आणि आतल्या ११५ मि.मी. भिंती, दारे-खिडक्यांसाठी २० टक्के वजा करून १८३ घ.मी., म्हणजे ३४८ टन. गिलावा ८२ टन. लादी आणि तिच्याखालचा थर १२७ टन. गच्चीवरचा विटांचा कोबा ४५ टन.

बेरीज ११२७ टन, म्हणजे चौरस मीटरला १.३ टन. ठोकताळ्यापेक्षा अडीच पटीहून जास्त. १६ टनी डंपरच्या २७ नव्हे, ७१ फेऱ्या. आराखड्यात ४३२ टन लिहून पालिकेकडे गेलो असतो, तर निम्मे काम व्हायच्या आतच मंजुरीतले प्रमाण संपले असते आणि उरलेला माल मंजुरीविना प्लॉटवर अडकला असता. रात्री नाल्याकाठी रिकामे होणारे डंपर बरेचदा अशाच चुकलेल्या अंदाजातून जन्म घेतात.

७ नोव्हेंबर. आराखडा

बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम २०१६ (३१ मार्च २०२६ पर्यंत लागू) प्रमाणे दिवसाला २० टनांपेक्षा किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त कचरा करणाऱ्याने काम सुरू करण्याआधी स्थानिक संस्थेकडून कचरा व्यवस्थापन आराखडा मंजूर करून घ्यायचा असतो. आपण दोन्ही मर्यादांच्या वर आहोत. ‘काम सुरू करण्याआधी’ हे शब्द महत्त्वाचे. पाडकामाचा परवाना हातात आहे म्हणून आराखडाही मंजूर झाला, असे होत नाही; दोन्ही वेगळे.

वर्गीकरण चार प्रवाहांत करा, असे नियम सांगतो. पण त्याच वाक्यात काँक्रीट, माती, लोखंड, लाकूड व प्लास्टिक, विटा व गिलावा अशी यादी आहे आणि ती मोजली तर चारापेक्षा जास्त भरते. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा साइटवर सहा ढीग करायचे ठरवले: काँक्रीट, विटा-गिलावा-लादी, लोखंड, लाकूड, प्लास्टिक-काच-वायर, माती. जिप्सम आणि पीओपी सहाव्या ढिगाच्याही बाहेर, पोत्यांत भरून. घातक वस्तू या नियमांत येतच नाहीत, त्यांची वाट वेगळी.

आराखड्यात जोडले: मोजमापाचा तक्ता, पाडकामाचा क्रम, ढिगांच्या जागा दाखवणारा नकाशा, अधिकृत प्रक्रिया केंद्राचे संमतिपत्र, डंपरांची यादी, कोणता माल नव्या बांधकामात परत वापरणार याचे परिमाण.

वर्गीकरणाचा सगळा आग्रह एका तक्त्यापाशी येऊन थांबतो. आयएस ३८३ : २०१६ या खडीच्या भारतीय मानकात पुनर्वापराच्या खडीचे दोन प्रकार आहेत. निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ ग्रेडपर्यंतच (एमपुढचा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा) आणि २० टक्क्यांपर्यंत, तर एम १५ च्या खालच्या काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. विटा, लाद्या, दगड मिसळलेल्या राडारोड्याची खडी मात्र एम १५ च्या खालच्या काँक्रीटमध्येच चालते, बाकी कुठेही शून्य. काँक्रीटच्या ढिगात विटा पडल्या की तो ढीग पहिल्या ओळीतून दुसऱ्या ओळीत उतरतो, आणि फोडून झाल्यावर वीट निवडून काढणे व्यवहारात जमत नाही. म्हणजे निवड ब्रेकर (काँक्रीट फोडायचे यंत्र) लागण्याआधीच झाली पाहिजे. पाडकामाचा सगळा क्रम यावरून ठरवला.

१२ नोव्हेंबर. जागेची आखणी

आराखडा मंजूर. वीज, पाणी, गॅसची जोडणी मुळापासून तोडून घेतली. आयएस ४१३० या पाडकामाच्या सुरक्षेच्या मानकाप्रमाणे ही पहिली पायरी. फक्त मेन स्विच बंद करून भागत नाही, कारण ब्रेकर भिंतीतल्या जिवंत वायरवर बसू शकतो.

धुळीसाठी कडेने पत्रे. जानेवारी २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वाऱ्याचा आडोसा इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, जास्तीत जास्त १० मी. आपल्याकडे ४.५ मी. निघते. स्थानिक आदेशात जास्त उंची सांगितली असेल तर ती धरायची. दोन आकड्यांतला मोठा आकडा पाळला की हरकत येत नाही. इमारतीला चारही बाजूंनी हिरवी जाळी, आतून ताडपत्री.

ढिगांखाली जुनी फरशी तशीच ठेवली. कच्च्या जमिनीवर ढीग केला की लोडर उचलताना खालची मातीही ओरबाडतो. काँक्रीटच्या ढिगाभोवती वाळूच्या पोत्यांचा बांध: ताज्या फुटलेल्या काँक्रीटवरून वाहणारे पाणी अल्कधर्मी असते, ते पावसाळी गटारात जाता कामा नये. फाटकाशी टायर धुण्याची चर, ६ मी. लांब, २०० मि.मी. खोल. फार आखूड ठेवली तर डंपरच्या चाकाचा पूर्ण फेरा पाण्यातून जात नाही आणि चिखल रस्त्यावर उतरतो.

१७ नोव्हेंबर. सिमेंटचे पत्रे

पार्किंगच्या छतावर सुमारे ४० चौ.मी. जुने सिमेंटचे नालीदार पत्रे. जुने आहेत तर ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच चालायचे. अंदाजे ५२० किलो. हे राडारोड्यात टाकता येत नाही. टाकून दिलेले ॲस्बेस्टॉस घातक कचरा नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत आहे.

पत्रे आधी बारीक फवाऱ्याने भिजवले. पत्रे अडकवलेल्या हुकांचे नट कापले, पत्रे फोडले नाहीत. एकेक पत्रा दोघांनी हातात धरून उतरवला, वरून टाकला नाही. २०० मायक्रॉनच्या प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, टेप लावून, चिठ्ठी लावली. मजुरांना एकवार वापराचे अंगरखे आणि पी १०० फिल्टरचे मास्क. कापडी रुमाल तंतू अडवत नाही. अंगरखेही त्याच पोत्यात. घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे रवानगी, त्याचे चलन वेगळ्या फाइलीत.

जमिनीवर पडलेले तुकडे झाडूने गोळा करायचे नाहीत. ओल्या फडक्याने टिपायचे आणि फडकेही पोत्यात टाकायचे.

२४ नोव्हेंबर. सुटे सामान

दारे, चौकटी, ग्रिल, वायरिंग, पाइप, संडासची भांडी उतरवली. ट्यूबलाइट आणि सीएफएल न फोडता खोक्यात, ई-कचऱ्याकडे. लाकूड ३.५ टन.

दोन खोल्यांतले पीओपीचे छत हाताने काढून पोत्यांत भरले, ६४ पोती. हे काम कंटाळवाणे आहे आणि मुकादमाला ते वायफळ वाटते, पण याच पायरीवर तडजोड करू नये. पीओपी म्हणजे जिप्समच; त्यातले सल्फेट खडीत गेले तर नव्या सिमेंटशी प्रक्रिया होऊन काँक्रीट आतून फुगते आणि तडकते. ते लगेच दिसत नाही, ओल लागल्यावर काही महिन्यांनी दिसते. सिमेंटच्या गिलाव्याचे तसे नाही. तो कॉलमला थोडा चिकटून राहिला तरी फार बिघडत नाही, फक्त खडीचे पाणी शोषणे वाढते.

१ डिसेंबर. गच्ची

स्लॅबला हात लावण्याआधी गच्चीवरचा विटांचा कोबा काढला. सपाट छिन्नीचे इलेक्ट्रिक हातब्रेकर, एका वेळी १.५ मी. रुंदीचा पट्टा. टोकदार छिन्नी लावली तर ती थेट स्लॅबमध्ये घुसते आणि दोन्ही थर एकत्र सुटतात. माल घसरणीतून खाली, थेट विटांच्या ढिगात. घसरणीच्या तोंडाशी पाण्याचा बारीक फवारा.

स्लॅबवर राडारोडा किती साठवायचा याला मर्यादा आहे. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराच्या भारासाठी बांधलेला असतो. सैल राडारोडा घनमीटरला १.३ टन, म्हणजे १५० मि.मी. थर झाला की मर्यादा गाठली. भिंतीवर लाल रंगाने १५० मि.मी. ची रेघ मारली, रेघ झाकली जाण्याआधी माल खाली गेलाच पाहिजे.

५ डिसेंबर. तिसरा मजला

क्रम: आधी लादी आणि तिच्याखालचा थर, मग आतल्या भिंती, मग बाहेरच्या भिंती आतल्या बाजूला पाडून. मजला झाडून साफ झाला की मगच वरचा स्लॅब, बीम, कॉलम. फुटलेले काँक्रीट खाली उतरले की विटांच्या ढिगाकडची घसरण बंद आणि काँक्रीटकडची चालू. एकाच घसरणीतून दोन्ही प्रकार पाठवायचे नाहीत. ‘नंतर खाली निवडू’ हे कधीच होत नाही.

सिमेंट-वाळूच्या मसाल्याने बांधलेल्या विटा सुटताना बहुतेक फुटतात. तरी आतल्या भिंती वरून ओळीओळीने उतरवल्यावर बऱ्याच अखंड निघाल्या, त्या वेगळ्या रचल्या.

१६ डिसेंबर. दुसऱ्या मजल्यावर चूक

काँक्रीटच्या ढिगात लाल तुकडे दिसले. ढिगाच्या पाच ठिकाणांहून १० किलो असे ५० किलो काढून हाताने निवडले: विटा आणि लादी ४.६ किलो, म्हणजे ९.२ टक्के. आराखड्यात आपण साइटपुरती ५ टक्क्यांची मर्यादा घातली होती.

कारण संडास-न्हाणीघराचे खाली दाबलेले स्लॅब. त्यात सुमारे ४०० मि.मी. विटांच्या तुकड्यांचा भराव असतो आणि वर लादी असल्याने तो दिसत नाही. मोजमापात तो सुटलाच होता, आणि लादी उखडणाऱ्यांनी लादीखालचा पातळ थर काढून मजला ‘साफ’ ठरवला. ब्रेकरने स्लॅब भरावासकट फोडला.

इमारतीत असे १६ खड्डे, सरासरी ३ चौ.मी., म्हणजे १९ घ.मी., सुमारे ३१ टन. एवढा माल अंदाजातून गळला होता. पालिकेला दुरुस्तीचे पत्र दिले, एकूण अंदाज आता ११५८ टन.

१७ डिसेंबर. दुरुस्ती

मिसळलेला भाग कालच्या एका दिवसाचाच होता, म्हणून ढिगाच्या पुढच्या तोंडाला सापडला. तो ४१ टन लोडरने बाजूला काढून विटांच्या ढिगात वर्ग केला. नोंदवहीत ‘काँक्रीट’मधून वजा, ‘मिश्र’मध्ये जमा. निवडून परत काँक्रीट करण्याचा प्रयत्न केला नाही. तेवढी मजुरी आणि वेळ खर्चूनही चुरा मिसळलेलाच राहतो.

उरलेल्या मजल्यांसाठी नवी पायरी: प्रत्येक न्हाणीघरात खालून स्लॅबची तळपातळी आणि वरून लादीची पातळी मोजायची. फरक २५० मि.मी. पेक्षा जास्त असेल तर आत भराव आहे. दाराच्या चौकटीवर ‘भराव’ लिहायचे आणि तो काढल्यावर कोणी खोडले तेही लिहायचे.

काँक्रीटचा ढीग रोज संध्याकाळी ताडपत्रीने झाकायचा, दुसऱ्या दिवसाचा माल त्याच्या शेजारी. अशाने चूक झालीच तर एका दिवसाच्या मालापुरती राहते.

२९ डिसेंबर. रवानगी

खालचे दोन मजले २० टनी पोकलेनला लावलेल्या ब्रेकरने जमिनीवरून. सळई गॅस कटरने कापण्याऐवजी शक्य तिथे पोकलेनच्या कात्रीने कापली. काँक्रीटचे तुकडे ४०० मि.मी. पेक्षा लहान केले. प्रक्रिया केंद्राच्या जॉ क्रशरच्या तोंडात त्याहून मोठा तुकडा अडकतो आणि ते डंपर परत पाठवतात. तुकड्याबाहेर डोकावणारी सळई १५० मि.मी. पेक्षा लांब असेल तर कापायची, ती क्रशरचा माल वाहणारा पट्टा फाडते.

प्रत्येक डंपरला: भरण्याआधी रिकामे वजन, भरल्यावर वजन, ढिगाचा प्रकार, निघण्याची वेळ, ताडपत्री बांधल्याचा फोटो, केंद्राची शिक्का मारलेली पावती. पावती त्याच दिवशी परत आली नाही तर त्या गाडीची पुढची फेरी बंद. दोनदा हे करावे लागले, त्यानंतर पावत्या वेळेवर आल्या.

८ जानेवारी २०२६. पाया

जोत्याचे बीम आणि १८ पाये काढले. शेजारच्या कुंपणभिंतीलगतचे दोन पाये काढले तर भिंतीखालची माती सुटली असती, ते तिथेच ठेवून नव्या नकाशात दाखवले. ४.५ टन कमी.

पायाच्या काँक्रीटला माती चिकटलेली येते. प्लॉटवरच १० मि.मी. च्या जाळीवर एकदा आपटून मग भरले. चिकणमाती खडीवर राहिली तर सिमेंटची पकड बसत नाही.

१९ जानेवारी. परत आलेली खडी

आपल्याच काँक्रीटपासून बनलेली २० मि.मी. खडी केंद्राकडून घेतली. आयएस २३८६ या खडीच्या चाचण्यांच्या मानकाप्रमाणे चाचण्या:

पाणी शोषण ५.८ टक्के. नैसर्गिक खडीला मर्यादा ५ टक्के, पुनर्वापराच्या खडीला १० पर्यंत चालते, पण मिसळण्याआधी भिजवण्याच्या अटीवर. आघातमूल्य (ठोके मारल्यावर होणारा चुरा) २८ टक्के. घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागासाठी मर्यादा ३०, इतरांसाठी ४५. चपट्या-लांबट तुकड्यांचे एकत्रित प्रमाण ३१ टक्के, मर्यादा ४०.

शोषण जास्त येते ते जुन्या सिमेंट-वाळूच्या थरामुळे, तो खडीला चिकटून असतो. ४.७५ मि.मी. खालचा चुरा चाळून वेगळा ठेवला तर आकडा उतरतो, कारण हा थर घासून चुऱ्यातच जास्त जातो.

२ फेब्रुवारी. पायाखालचे काँक्रीट

नव्या पायाखाली एम १० चे ३२ घ.मी. काँक्रीट, खडी १०० टक्के पुनर्वापराची. साधारण ३८ टन लागली.

आदल्या दिवशी खडीवर सलग फवारा, रात्रभर ओले गोणपाट, सकाळी ढीग तिरका करून पाणी निथळू दिले. खडी आतून तृप्त आणि वरून कोरडी हवी. पहिल्या घाणीत (एका वेळी कालवलेल्या मिश्रणात) वेळ कमी पडला म्हणून खडी अर्धवट भिजलेली गेली. वीस मिनिटांत मिश्रण घट्ट झाले आणि गवंड्याने बादलीभर पाणी ओतले. ती घाणी पायाखाली न वापरता कुंपणाच्या कडेला टाकली. असे पाणी पडले की ताकद नक्की किती घटली हे कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या घाणी मोजलेल्या पाण्याने झाल्या, ताकदीच्या चाचणीसाठी ठोकळे काढले.

मिश्र ढिगातला काही माल केंद्राकडून चाळून आणून अंतर्गत रस्त्याच्या खालच्या थरात, आयआरसी १२१ (रस्त्यांत राडारोडा वापरण्याची मार्गदर्शिका) प्रमाणे. १५० मि.मी. चे थर, पाणी मारून रोलर. कोरड्या विटांच्या चुऱ्यावर रोलर फिरवला तर तो दबल्यासारखा दिसतो आणि पहिल्या पावसात खचतो.

१२ फेब्रुवारी. ताळेबंद

काँक्रीट: अंदाज ५०६ टन. केंद्राच्या पावत्या ४३८, मिश्रमध्ये वर्ग ४१, जागेवर राहिलेले पाये ४.५. तफावत २२.५ टन, साडेचार टक्क्यांच्या आत. मोजमाप आणि वजनकाटा मिळून एवढा फरक धरायला हवा.

लोखंड: अंदाज १९, भंगाराची पावती १७.२. उरलेले तुकड्यांत अडकून केंद्राकडे गेले, तिथे चुंबकाने निघते.

मिश्र: अंदाज ६३३, त्यातून अखंड विटा ११,००० म्हणजे ३३ टन वजा, वर्ग केलेले ४१ जमा, अपेक्षित ६४१. पावत्या ६६४. वजन वाढले ते पाण्याचे. वीट स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते आणि धुळीसाठी ढीग रोज भिजवला जात होता. शुल्क टनावर असेल तर हे पाणीही शुल्कात मोजले जाते, म्हणून भरण्याच्या दिवशी फक्त वरचा थर ओला करावा. पालिकेच्या अहवालात हे कारण लिहिले. आकडे जुळवण्यासाठी पावत्या बदलल्या नाहीत.

१ एप्रिल २०२६ पासून २०१६ च्या नियमांची जागा २०२५ चे नवे नियम घेतात. त्यात २०,००० चौ.मी. आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर उत्पादकाची विस्तारित जबाबदारी येते, नोंदणी केंद्रीय पोर्टलवर. हे पाडकाम त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. नव्या इमारतीचे एकूण बांधकाम क्षेत्र अंतिम नकाशावरून तपासून वेगळी नोंद करायची.

बाकी: ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी २ मार्चला. ॲस्बेस्टॉसच्या चलनाची केंद्राने सही केलेली प्रत अजून यायची आहे, ती आल्याशिवाय पालिकेकडे समाप्तीचा अर्ज द्यायचा नाही.